ढ कोण?

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात विटा, गोणपाट आणि लाल माती येऊन पडते. गेल्या दिवाळीत तिथे राजगड उभा राहिला. तिन्ही माच्या जिथल्या तिथे, मधोमध बालेकिल्ला, उतारावर वेळेत पेरलेली मोहरी. या कामाचा गवंडी, मुकादम आणि इंजिनिअर पाचवीतला एकच मुलगा होता. किल्ला पुरा झाल्यावर पोरांनी मोठ्या मानाने पाटी आणि खडू त्याच्याच हातात दिला. तो क्षणभर घुटमळला आणि शेजारच्याला म्हणाला, “तूच लिही रे, माझे हात चिखलाचे आहेत.”

अशी निमित्तं त्याच्या अंगवळणी पडली आहेत. वर्गात प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की त्याला तहान लागते, पेन्सिलीचं टोक मोडतं. शाळा म्हणते लक्ष नाही, घर म्हणतं आळशी आहे आणि शिकवणीत त्याला ‘ढ’ म्हणतात. एका अक्षरात एका मुलाचा निकाल! ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकीची अक्षरं बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला हे नाव पडलं, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, ती ऐकली की वाटतं, इतक्या वर्षांत खरोखर बदललं नाही ते कोण?

आपली लिपी सोपी, जसं बोलावं तसं लिहावं, असं आपण अभिमानाने सांगतो. अडखळणाऱ्या मुलाच्या जागी बसून ती पाहावी. ‘कि’ म्हणताना क आधी येतो, लिहिलेली वेलांटी मात्र त्याच्या पुढे उभी. ‘सूर्य’मधला र डोक्यावर चढतो, ‘चक्र’मधला पायाशी येतो, ‘राष्ट्र’मध्ये तो निराळाच दिसतो. आकड्यांचंही तेच. ‘पंचवीस’ म्हणताना तोंडात पाच आधी येतात आणि पाटीवर दोन आधी लिहायचे. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, पण लिहायचे नसतात. बहुतेक मुलं हे खाचखळगे नकळत ओलांडतात. काहींचा पाय दर वेळी तिथेच मुरगळतो आणि आपण पायाला दोष देतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं वाचण्याची पद्धत आली, तेव्हा काय झालं ते आठवा. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की, जुनी वाट बंद केलेली नाही, अडणाऱ्या मुलांसाठी ही दुसरी आहे. पण चेष्टा विधानसभेपर्यंत पोहोचली. मराठी बुडणार की तरणार यावर सगळे बोलले. ही वाट कोणासाठी काढली होती, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. त्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात. पण हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आज कबूल करायला हवं.

कायदा आपल्या पुढे गेला आहे. १९९५च्या अपंग कायद्यात वाचण्या-लिहिण्यातल्या अशा अडचणीचं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, नाव नव्हतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानलेल्या २१ प्रकारांत ते आलं. मधल्या काळात, २००७मध्ये, ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अक्षमता, हा शब्द घराघरांत नेला. दहावीला जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती मिळतात. पण सवलत आठवते दहावीला आणि अडचण असते पहिलीला! मधली नऊ वर्षं ते मूल शिव्या खातं. सवलतीला प्रमाणपत्र लागतं, ते मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आणि त्यासाठीच्या फेऱ्या आईबापाची मजुरी बुडवून. वाडीवरच्या मुलाला तर आपल्याला काय होतंय याचं नावही कळत नाही. ते नापास होतं, मग गुरांमागे नाही तर ऊसतोडीला जातं.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये सांगितलं की, प्राथमिकला दहा आणि त्यापुढे पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. खेड्यात मात्र कंत्राटावरचे एकच सर किंवा बाई कितीतरी शाळांना पुरवाव्या लागतात. वर्गशिक्षकांना दोष द्यावा, तर त्यांच्यापुढे सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती आणि दोन-दोन इयत्ता एका खोलीत.

तरीही पैशावाचून होण्यासारखं पुष्कळ आहे. अचानक उभं करून वाचायला लावू नये. उत्तर तोंडी चालवून घ्यावं. अक्षर वहीआधी वाळूत गिरवू द्यावं. आधी जोडीने वाचावं, मग एकट्याने. यातलं काहीही केल्याने ‘हुशार’ मुलांचं काडीचंही बिघडत नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. या दोघींनी हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहून हात झटकले नाहीत. मुलं जिथे गुरं चारत होती त्या कुरणात त्यांनी शाळा नेली आणि मराठीला ‘कुरणशाळा’ हा शब्द मिळाला. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर चालायचं शाळेनं, इतका साधा हिशोब. तेव्हा अंतर गाव ते कुरण एवढं होतं, आज ते फळा ते शेवटचा बाक एवढंच आहे.

म्हणून आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग शेवटच्या बाकासाठी ठेवला आहे. त्यात शिक्षक आहेत, पालक आहेत आणि एकेकाळी ‘ढ’ ठरलेली मोठी माणसंही आहेत. काहींनी लेख लिहून न देता सांगितले, आम्ही ते उतरवून घेतले.

यंदा पोरांनी सिंधुदुर्ग धरला आहे. समुद्रासाठी निळं प्लॅस्टिक आलंय, बुरूज चढताहेत. पाटी लावायची नाही, असं त्यांचं आपसांत ठरलं आहे. येईल त्याला किल्ला गेल्या वर्षी पाटी टाळणारा तो मुलगाच तोंडी समजावून सांगणार आहे आणि सांगतो तो झकास. पाडव्याला संध्याकाळी वेळ काढून या.



— संपादक