गप्प बसला म्हणून तोतया?

दोस्तांनो, चोर-शिपायाच्या चिठ्ठ्या तुम्ही नक्कीच खेळला असाल. राजा, राणी, शिपाई, चोर! शिपायाची चिठ्ठी आली की पंचाईत. सगळ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, कुणाला हसू फुटतंय, कोण उगाच छताकडे बघतोय ते हेरायचं आणि बोट दाखवायचं. बरोबर आलं तर आलं!

या खेळाचा एक चुलतभाऊ रशियात जन्मला. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हने १९८६ च्या सुमारास 'माफिया' नावाचा खेळ रचला. त्याच धर्तीवर २०१८ साली 'अमंग अस' हा ऑनलाइन खेळ निघाला आणि २०२० मध्ये, करोनामुळे शाळा बंद होत्या तेव्हा, तो घरोघरी पोचला. तुमच्यापैकी पुष्कळांना तो पाठ असेल, पण आई-बाबांसाठी थोडक्यात सांगते.

एक अवकाशयान. त्यात समजा दहा जण. आठ खलाशी, दोन तोतये. (पानिपतानंतर पुढे आलेला भाऊसाहेबांचा तोतया आठवतो ना? तसेच हे!) खलाशांनी यानातली कामं उरकायची, तोतयांनी गुपचूप एकेकाला बाद करायचं. बाद झालेला कुणाला सापडला की सभा भरते, प्रश्नोत्तरं होतात आणि मग मतदान. जास्त मतं पडतील तो यानाबाहेर!

आता यातली गंमत बघा. इथे चेहराच दिसत नाही. सगळ्यांचे पोशाख सारखे, फक्त रंग वेगळे. मग तोतया ओळखायचा कसा?

तुम्ही म्हणाल, चेहरा दिसला असता तर आम्ही चटकन ओळखलं असतं. थांबा! चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसं खरं-खोटं किती ओळखतात? १०० पैकी सरासरी ५४ वेळा. अहो, नाणं उडवलं तरी ५० वेळा बरोबर येतंच की! खोटं बोलणारा नजर चुकवतो, असं जगभरातल्या लोकांना वाटतं. पण भित्रा मुलगाही नजर चुकवतो, आणि आपल्याकडे तर मोठ्यांपुढे मान खाली घालायला शिकवलेलंच असतं.

तेव्हा चेहरा सोडा, प्रश्नांकडे वळा. समजा, तुमचा रंग पिवळा आहे. विजेच्या खोलीत बाद झालेला जांभळा निळ्याला सापडला. सभा भरली आणि लगेच गलका सुरू झाला, "लाल काहीच बोलत नाहीये! लालच तोतया! काढा त्याला!"

तुम्ही काय कराल? सर्वांना तेच तीन प्रश्न विचारा. कुठे होतास? काय करत होतास? तिथे कोण दिसलं?

"तू विजेच्या खोलीत होतास ना?" असं मात्र विचारू नका. त्याला नुसतं "नाही" म्हणून सुटता येतं. "कुठे होतास?" म्हटलं की एक जागा सांगावी लागते, आणि सांगितलेली जागा तपासता येते. दुसरं, स्वतःला माहीत असलेलं आधीच फोडू नका. नाहीतर तोतया आपली गोष्ट त्याला जुळेल अशी रचतो.

हिरवी म्हणाली, "मी दवाखान्यात स्कॅन करून घेत होते. सभा भरेपर्यंत तिथेच होते."

"आणखी कोण होतं तिथे?"

"कुणीच नाही."

पांढरा म्हणाला, "हे कसं? तेव्हा तर माझं स्कॅन चालू होतं!" गुलाबी म्हणाली, "हो, मी शेजारीच उभी होते." नारिंगी म्हणाला, "मी दारातून बघितलं. आत पांढरा आणि गुलाबी होते."

पुढे वाचण्याआधी जरा विचार करा. पांढरा आणि गुलाबी हेच दोघं मिळून थापा मारत असतील तर?

असू शकतं. पण तोतये दोनच आहेत, आणि तीच गोष्ट तिघांनी सांगितली. म्हणजे तिघांपैकी एक तरी खलाशी असणारच, आणि खलाशाला खोटं बोलून काय मिळणार? आता हिरवीला एक संधी द्या. "नीट आठव. सभेच्या वेळी तिथे होतीस की त्याआधी?" ती म्हणाली, "सभेच्याच वेळी." संपलं! तिची गोष्ट टिकत नाही.

आणि लाल? तेवढ्यात त्याची ओळ उमटली, "मी स्टोरेजमध्ये तेल भरत होतो. निळा समोरून गेला." निळा म्हणाला, "खरंय, मी पाहिलं होतं त्याला." बिचारा लाल हळूहळू टाइप करत होता, एवढंच!

घाईत लालला काढलं असतं तर? हिशेब करा. दहातला एक बाद, म्हणजे सात खलाशी आणि दोन तोतये. प्रत्येक सभेआधी एक खलाशी बाद होतोय आणि दर सभेत आपण आणखी एक निरपराध बाहेर काढतोय. तिसऱ्या सभेनंतर उरतात दोन खलाशी, दोन तोतये. दोन्हीकडे सारखे झाले की तोतये जिंकले! तीन चुका, खेळ खलास. म्हणून पुरावा नसेल तेव्हा कुणालाच मत न देण्याची सोय खेळात आहे. ती वापरायला लाजू नका.

आता खेळातून वर्गात या. मधल्या सुट्टीनंतर कुणाची तरी कंपासपेटी सापडत नाही. सगळे एकाकडे बघतात. तो लालेलाल होतो, त्याला शब्द फुटत नाही. झालं, "बघा, कसा गप्प बसलाय!" इथे एक मोठा फरक लक्षात ठेवा. खेळात तोतया असतोच, तसं ठरलेलंच असतं. वर्गात चोर असेलच असं नाही. पेटी बाकाखाली पडली असेल, नाहीतर घरीच राहिली असेल. आणि खेळात बाहेर काढलेला लाल पुढच्या डावात पुन्हा येतो. वर्गात 'चोर' म्हटलेल्या मुलाला ते नाव वर्षभर चिकटतं. तेव्हा पहिला प्रश्न "कुणी घेतली?" हा नको. "शेवटची कुठे पाहिली होतीस?" हा हवा.

आई-बाबा, तुम्हालाही एक सांगणं. घरात कपबशी फुटली की "खरं सांग, तूच ना?" म्हणण्याऐवजी "काय झालं ते पहिल्यापासून सांग" म्हणून बघा. आणि मुलाचं बोलणं पुरं होऊ द्या.

जाता जाता रविवारसाठी एक खेळ. पाच जण जमा. चिठ्ठ्या टाकून एक शिपाई आणि एक चोर ठरवा. शिपायाने चिठ्ठी दाखवायची, बाकीच्यांनी लपवायची. शिपायाने बाहेर थांबायचं. इतरांनी दहा मिनिटं घरभर आपापली कामं करायची आणि तेवढ्यात चोराने एक चमचा लपवायचा. मग शिपायाने प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे. चोराला खोटं बोलायची मुभा, बाकीच्यांनी खरंच बोलायचं. आणि हो, प्रश्न विचारताना शिपायाने डोळे मिटलेले हवेत!

चोर सापडला का, आणि कुठल्या प्रश्नाला सापडला, ते आम्हाला जरूर कळवा.