रंगीत तालीम रात्री दोन वाजताही हवी

आपल्याकडच्या रुग्णालयांत आपत्तीची रंगीत तालीम बहुधा दिवसाढवळ्या होते. तारीख आधी कळलेली असते, वरिष्ठ डॉक्टर हजर असतात, स्ट्रेचर ओळीने मांडलेली असतात. छायाचित्रे निघतात, अहवाल जातो. अशा तालमीतून कागद तयार होतो, माणसे तयार होत नाहीत.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि शेकडो जखमी रुग्णालयांच्या दारात आले. अशा वेळी नेहमीचा नियम उलटतो. एरवी सर्वांत गंभीर रुग्णासाठी सारी ताकद लावायची असते. इथे मात्र हाताशी असलेल्या माणसांत जास्तीत जास्त जीव वाचवायचे असतात. त्यातून चालते-फिरते जखमी रिक्षा-टॅक्सीने आधी पोहोचतात आणि खाटा अडवतात. अत्यवस्थ रुग्ण मागाहून येतात. म्हणून दारातच श्वास, नाडी आणि शुद्ध तपासून, प्रत्येकी मिनिटाभरात लाल, पिवळा, हिरवा किंवा काळा रंग ठरवावा लागतो. धुगधुगी असलेल्या माणसाला काळी पट्टी बांधून पुढच्याकडे वळणे पुस्तक वाचून जमत नाही.

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. तिघे जागीच गेले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. पण रुग्णालयात जिवंत पोहोचलेला एकही जखमी दगावला नाही. नशिबाची साथ होतीच. मोठी रुग्णालये जवळ होती, पाळी बदलण्याची वेळ असल्याने दुप्पट कर्मचारी हजर होते. मात्र त्या शहराने वर्षानुवर्षे तालमीही केल्या होत्या.

आपल्याकडे कर्मचारी आधीच अपुरे, त्यात तालमी कधी करायच्या, हा प्रश्न रास्त आहे. पण तालमीला महागडे पुतळे लागत नाहीत. नर्सिंगचे विद्यार्थी जखमी होऊ शकतात. एका विभागापुरती वीस मिनिटांची तालीमही पुष्कळ शिकवते. ती न सांगता, रात्रपाळीत व्हावी. सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, रक्तपेढी, केसपेपर काढणारा कारकून, सारे त्यात असावेत. एखादी लिफ्ट मुद्दाम बंद ठेवावी. पहिला रुग्ण किती मिनिटांत तपासला, किती जणांना चुकीचा रंग मिळाला, रक्त कधी आले, हे मोजावे आणि कोणालाही न झापता त्यावर लगेच बोलावे. ज्या तालमीत काहीच चुकले नाही, ती पुरेशी अवघड नव्हती.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अशा प्रसंगांसाठी २००७ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. नाशिकने २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरी पाहिली आहे. पुढच्या मोठ्या पर्वण्या २०२७ मध्ये आहेत. तयारीच्या बैठकांत घाट, रस्ते आणि खाटांचे आकडे येतीलच. नागरिकांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत : शेवटची तालीम रात्री कधी झाली, आणि तीत काय चुकले?