कागद नसलेले हात कुणाला स्वस्त पडतात?

गेल्या वर्षा-दोन वर्षांत 'बांगलादेशी घुसखोर' हा शब्द आपल्या गटांच्या बैठकांतही येऊ लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमलं, दाखले देणं थांबवलं, पुढे अनेक दाखले रद्दही केले. तेव्हापासून जिंतूरच्या आठवडी बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात एकच बोलणं ऐकू येतं. बाहेरचे लोक येऊन आपलं खातात, आपलं काम घेतात, आपल्या योजनांचा पैसा उचलतात. बोलणाऱ्यांत आपल्या गटातल्या बायकाही असतात. त्यांना लगेच 'जातीयवादी' म्हणून गप्प करण्यात काही अर्थ नाही. ज्या बाईला वर्षातून शंभर दिवसही काम मिळत नाही, तिला 'माझं काम कोण घेतंय' हा प्रश्न पडणारच. प्रश्न पैशाचा आहे, तर उत्तरही पैशाच्या हिशेबानेच द्यायला हवं.

हिशेब मांडायला बसलं की पहिली अडचण येते ती आकड्याची. देशात बेकायदेशीर बांगलादेशी किती, याचं उत्तर केंद्र सरकारने २००४ साली संसदेत सुमारे १ कोटी २० लाख असं दिलं आणि लगेचच हा आकडा भरवशाचा नाही असंही सांगितलं. २०१६ साली सुमारे २ कोटी असं सांगण्यात आलं. जो माणूस लपून राहतो त्याची मोजणी होत नाही, हे उघडच आहे. तेव्हा 'या लोकांमुळे राज्याचं इतके हजार कोटींचं नुकसान होतं' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो अंदाज आहे, हिशेब नाही. मात्र फायदा कुणाच्या पदरात पडतो आणि तोटा कुणाच्या, हे बघायला एकूण आकडा लागत नाही. ते आपल्याला डोळ्यांनी दिसतं.

आधी फायदा बघू. कागद नसलेला माणूस भीक मागायला सीमा ओलांडत नाही, कामाला येतो. बांधकामावर, जरीकामात, भंगार वेचण्यात, धुण्याभांड्यात, मुंबईच्या हॉटेलांच्या मोरीत तो असतो. तो सरकारला काहीच देत नाही हेही खरं नाही. साबणाच्या वडीवर, चपलेवर, मोबाईलच्या रिचार्जवर जो कर आहे तो त्याच्याकडूनही वसूल होतो. अमेरिकेत याचा अभ्यास झाला आहे. तिथे २०२२ या एका वर्षात बिनकागदाच्या स्थलांतरितांनी सुमारे ९,७०० कोटी डॉलर कर भरला, असं तिथल्या एका कर-अभ्यास संस्थेने २०२४ साली मांडलं. पण या लोकांच्या श्रमातला मोठा फायदा सरकारकडे जातच नाही. तो जातो ठेकेदाराकडे, कारखानदाराकडे, स्वस्तात मोलकरीण मिळालेल्या घराकडे. चारशेचं काम अडीचशेत झालं की मधले दीडशे कुणाच्या तरी खिशात जातात. ते खिसे हिंदी-बंगाली बोलणाऱ्यांचे नसतात, इथल्याच माणसांचे असतात.

आता तोटा. तो नाही असं म्हणणं हा अप्रामाणिकपणा होईल. जिथे कमी मजुरीत राबणारे हात येतात, तिथे तेच काम करणाऱ्या सर्वांत गरीब माणसाची मजुरी खाली ओढली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली स्थलांतराचा मोठा अहवाल काढला. त्याचाही निष्कर्ष साधारण असाच आहे. दीर्घकाळात एकूण मजुरीवर परिणाम फार थोडा होतो, पण जो होतो तो कमी शिकलेल्यांवर आणि आधी आलेल्या स्थलांतरितांवर होतो. स्थलांतरितांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार स्थानिक सरकारांवर पडतो, आणि तीच मुलं मोठी झाल्यावर घेतलं त्यापेक्षा जास्त परत देतात, असंही त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे महानगरातल्या वस्तीत पाण्याचा नळ एकच असतो, सरकारी दवाखान्यात खाटा मोजक्याच असतात, खोट्या कागदांचा धंदा चालतो, दलाल बायका-मुलींना कामाच्या नावाखाली आणून विकतात. हे सगळे तोटे खरे आहेत. पण फायदा वर जातो आणि तोटा खाली झिरपतो, ही या हिशेबातली मुख्य गोष्ट आहे. मग भांडण मात्र खालच्या दोघींनीच आपसात का करायचं?

स्वस्त हात कसे तयार होतात हे जिंतूरच्या बाईला पुस्तकातून शिकायची गरज नाही. दिवाळी झाली की परभणी, बीड, जालना, हिंगोलीची गावं ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात फडावर जायचं. उचल नवऱ्याच्या हातात पडते, ती फेडायला मात्र दोघं राबतात. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळी असो की सातवा महिना, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायचीच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला, तोही संपाचा इशारा दिल्यावर. २०१९ साली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. साखर स्वस्त मिळते त्यामागे हे आहे.

या बायका तर या देशाच्या नागरिक आहेत. त्यांच्याकडे मतदान ओळखपत्र आहे, आधार आहे. तरीही फडावर त्यांना रेशन मिळत नाही, मुलांना शाळा नाही, निवडणुकीत कित्येकींचं मत बुडतं. परमुलखात तक्रार करायची कुणाकडे, आणि तक्रार केली तर उचल अंगावर ठेवून घरी परतायचं कसं? म्हणजे ऊसतोड बाईचे हात स्वस्त झाले ते ती तक्रार करू शकत नाही म्हणून. बिनकागदाच्या बाईचे हात तर त्याहून स्वस्त, कारण तिच्या मालकाला उचलही द्यावी लागत नाही. 'पोलिसांना सांगेन' एवढे दोन शब्द त्याला पुरतात. मजुरी बुडवली तरी ती बोलत नाही, अंगावर हात टाकला तरी बोलत नाही. तिचं बेकायदेशीर असणं ही मालकाला फुकट मिळालेली सवलत आहे. ठेकेदाराने ही सवलत एकदा चाखली की तो इथल्या बाईला म्हणतो, 'तुला परवडत नसेल तर जा, दुसरी उभी आहे.'

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपल्या मजुरीचं रक्षण करायचं असेल तर त्या दुसरीला पकडून देण्याने ते होणार नाही, तिलाही पूर्ण मजुरी मिळण्याने होईल. ती आणि मी एकाच दराने मिळत असू, तर ठेकेदाराला तिला शोधत जाण्याचं कारणच उरत नाही.

कायदा याच्या आड येत नाही. किमान वेतनाच्या कायद्यात कामगार ठरतो तो कामावरून, नागरिकत्वावरून नाही. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे. वेठबिगारीला बंदी करणारं राज्यघटनेचं २३ वं कलम आणि जगण्याचा हक्क देणारं २१ वं कलम 'व्यक्ती'साठी आहे, फक्त नागरिकासाठी नाही. १९९६ साली अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यातही न्यायालयाने हेच सांगितलं. कोण देशात राहील हे ठरवण्याचा सरकारला अधिकार आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु जोवर ती इथे राबते आहे तोवर तिच्या घामाचं मोल बुडवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

यावर आपल्याच कार्यकर्त्या विचारतात, की असं केलं तर आणखी लोक येणार नाहीत का? मला उलट वाटतं. लोक येतात कारण त्यांना कमी पैशात राबवून घेणारा इथे कुणीतरी वाट बघत असतो. आजवरच्या मोहिमांत झोपड्यांची झडती झाली. किती ठेकेदारांचे हजेरीपट तपासले गेले? दुसरा प्रश्न असतो, आपल्याच बायकांना मिळत नाही तर परक्यांसाठी का भांडायचं? पण १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला, मुकादमाला परवाना आणि मजुराला विस्थापन भत्ता त्यात होता. कर्नाटकात तोडीला गेलेल्या आपल्या किती जणींना तो भत्ता मिळाला? आता तो कायदा २०२० च्या संहितेत मिसळला आहे. आपला हक्क बुडाला तेव्हा तो कुणी परक्या बाईने बुडवलेला नव्हता.

शोधमोहिमेचा खर्च हा तर हिशेबातला वेगळाच रकाना आहे, आणि तो कुणी मांडत नाही. आसाममध्ये नागरिक नोंदवहीवर १,६०० कोटी रुपये खर्च झाले, असं महालेखापालांच्या अहवालात आहे. ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले, ऑगस्ट २०१९ मध्ये १९ लाखांवर लोक बाहेर राहिले. मजुरांनी सुनावणीसाठी बुडवलेले रोज, वकिलाची फी, गाडीभाडं, त्यासाठी विकलेली गाय यांचा हिशेब कुठल्याच अहवालात नाही. आणि बायकांचं काय झालं बघा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईला आपण बापाची लेक आहोत हे दाखवायला ग्रामपंचायतीचा दाखला एवढाच आधार होता. २०१७ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो दाखला अमान्य केला आणि सुमारे २९ लाख विवाहित बायका टांगणीला लागल्या. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, तोवर नऊ महिने उलटून गेले होते.

आसाम लांब आहे असं वाटत असेल तर मुंबईकडे बघू. १९९८ च्या जुलैत मुंबईतल्या जरी कामगारांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने पाठवण्यात आलं, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्थानकावर लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडवलं, कारण ते आपलेच लोक आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून काही बंगाली मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्याप्रमाणे यातही त्या व्यक्तीवरच आहे.

आता हा भार आपल्या तालुक्यातल्या बाईवर ठेवून बघा. कोपीत जन्मलेली, म्हणून जन्माची नोंद नाही. जन्म झाला कर्नाटकात, घर येलदरीकडे, मग नोंद करायची कुठल्या ग्रामपंचायतीत? १९६९ च्या कायद्याने एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. चौथीतून शाळा सुटली, टी.सी. कुणी आणलीच नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालं, म्हणून आधारवर वय वाढवून लिहिलं. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, बँकेत तिसरं. नवऱ्याने टाकली तर रेशन कार्डावरूनही नाव गेलं. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना आई किंवा बाप भारतीय असल्याचा पुरावा लागतो, डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या लेकरांसाठी तर दोघांचाही प्रश्न येतो. परित्यक्ता बाईने बापाचे कागद आणायचे कुठून? पारधी, वडार, मुसलमान बाईकडे बोट आधी दाखवलं जाईल, पण कागदाची भोकं सगळ्यांच्याच पदराला आहेत.

आपल्या आज्या-पणज्यांनी हे भोगलेलं आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत जिंतूर निजामाच्या राज्यात होतं. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातली हजारो कुटुंबं पोरंबाळं घेऊन हद्द ओलांडून वऱ्हाडात, सोलापुराकडे गेली. तेव्हा कुणाच्या हातात परवाना होता?

मैत्रिणींनो, हा विषय आपल्या गटांनी पुढच्या तीन महिन्यांत बैठकीत घ्यावा असं मला वाटतं. करण्यासारख्या गोष्टी ठरवता येतील. तोडीला जाण्याआधी आणि आल्यावर, वर्षातून दोनदा, गावपातळीवर बायकांच्या कागदांचं शिबिर घ्यावं, त्यात ग्रामसेवक आणि आशाताईला बसवावं. फडावर झालेल्या बाळंतपणाची नोंद तिथल्या तिथे करून घेण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकावी, अशी मागणी साखर आयुक्तांकडे आणि ऊसतोड कामगार महामंडळाकडे करावी. मजुरी बुडाल्याची किंवा अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी नागरिकत्व विचारू नये, हे कामगार खात्याने लेखी मान्य करावं. आणि जिथे झडती होईल तिथे ठेकेदाराचा हजेरीपट आणि मजुरीची वही आधी मागावी.

'बाहेरची बाई आपलं खाते' असं कुणी म्हटलं तर तिच्याशी वाद घालू नका. तिला एवढंच विचारा, की मागच्या हंगामात तुझ्या कोयत्याचे किती पैसे बुडाले आणि ते कुणाकडे राहिले? ते नाव तिला माहीत असतं.