सोनोग्राफी : मशीन नवे, पण बटणावरचा हात?

"डॉक्टर, त्यांच्याकडे नवीन कलर मशीन आलंय, तिथेच सोनोग्राफी करू ना?" असे पेशंट हल्ली सर्रास विचारतात. मशीन चांगले असावेच. पण कलरमधला रंग मुख्यतः रक्ताचा प्रवाह दाखवतो; पित्ताशयातला खडा शोधायला साधी काळी-पांढरी प्रतिमाच लागते, आणि ती चांगली उमटणे बरेचसे चालवणाऱ्याच्या हातात असते.

माझ्याच एका पेशंटची गोष्ट सांगतो. पंचेचाळिशीच्या बाई. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखायचे. रिपोर्ट आला 'नॉर्मल'. त्यावर विसंबून मी दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिलो. दुखणे थांबेना, तेव्हा दुसरीकडे पाठवले आणि मुद्दाम सोबत गेलो. तिथले मशीन पहिल्यापेक्षा जुने होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या वेळी चहा घेऊन गेला होतात का?" बाई म्हणाल्या, "चहा-बिस्किट फक्त." खाल्ल्यावर, दुधाचा चहा घेतल्यावरही, पित्ताशय आकसते, मग आतले नीट दिसणार कसे?

या वेळी पोट रिकामे होते. डॉक्टरांनी बाईंना डाव्या कुशीवर वळवले. पडद्यावर वीस सेंटीमीटरपर्यंतचे पोट दिसत होते, त्यात पित्ताशय नखाएवढे. खोली कमी करताच ते मोठे झाले. मग फोकस नेमका त्याच पातळीवर आणला आणि 'गेन' थोडा उतरवला. पाच मिलिमीटरचा खडा आणि त्यामागची काळी सावली मलासुद्धा स्पष्ट दिसली.

गेन म्हणजे रेडिओच्या आवाजाचे बटण समजा. आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते. गेन जास्त असेल तर पाण्याची काळी दिसणारी गाठ करडी, भरीव वाटू शकते आणि घरातल्यांची झोप उडते. फार कमी केला तर बारीकसारीक गोष्टी अंधारात बुडतात. शिवाय खोलवरून येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो, त्याच्यासाठी वेगळ्या सरकपट्ट्या असतात. प्रोबचेही तसेच. पोटासाठी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्‌झचा वापरतात. थायरॉईडसाठी त्याहून जास्त कंपनांचा लागतो. तो बारकावे दाखवतो, पण खोल पोचत नाही. म्हणून किडकिडीत मुलीला आणि शंभर किलोच्या गृहस्थाला एकच सेटिंग लावून चालत नाही. बाहेर गर्दी असली की मात्र नेमके तेच होते.

पेशंटनेही काही पाळावे. पोटाच्या तपासणीआधी सहा ते आठ तास चहासुद्धा नको. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ओटीपोटासाठी लघवी भरलेली ठेवायला सांगतात, ती ठेवावी. जुने रिपोर्ट न्यावेत. आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही दुखणे थांबत नसेल, तर परत येऊन तसे सांगावे. आम्ही कंटाळलेलो दिसलो तरी सांगावे.

दोष आम्हा जनरल प्रॅक्टिशनर मंडळींचाही आहे. 'पोटाची सोनोग्राफी' एवढेच खरडून चिठ्ठी हातात द्यायची, मग तपासणाऱ्याने फोकस कुठे लावायचा? त्या बाईंच्या पहिल्या चिठ्ठीवर मी एवढेच लिहिले होते. आता कुठे दुखते, केव्हा दुखते, मला शंका कशाची आहे, हे सगळे लिहितो. अक्षर मात्र अजून सुधारलेले नाही.