३२ बिट : ना धड सांभाळलं, ना धड सोडलं

नोव्हेंबर २०२१मध्ये यूट्यूबवर एक व्हिडिओ आला आणि लिनक्सच्या जगात बरेच दिवस दुसरा विषय निघेना. कॅनडातले लोकप्रिय तंत्रज्ञान-सादरकर्ते लायनस सेबॅस्टियन यांनी घरच्या संगणकावर लिनक्स वापरून पाहायचं ठरवलं होतं. त्यांनी ‘पॉप ओएस’ हे लिनक्सचं वितरण निवडलं आणि गेम खेळण्यासाठी ‘स्टीम’ बसवायला घेतलं. तिथल्या सॉफ्टवेअरच्या दुकानातून ते बसेना, म्हणून टर्मिनल उघडून आज्ञा दिली. पडद्यावरून पॅकेजांची लांबलचक यादी सरकली. तुम्ही करताय ते धोक्याचं ठरू शकतं, पुढे जायचंच असेल तर ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ असं टाइप करा, असा इशारा आला. त्यांनी टाइप केलं. थोड्याच वेळात डेस्कटॉप नाहीसा झाला आणि काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी तेवढ्या उरल्या. एक सॉफ्टवेअर बसवायला सांगितलं होतं. पॅकेज मॅनेजरनं त्यासाठी सगळा डेस्कटॉपच उचकटून टाकला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. जुने लिनक्सवाले म्हणाले, इशारा वाचायला काय झालं होतं? बाकीचे म्हणाले, बघा, लिनक्स हे सामान्य माणसाचं कामच नाही. या दोघांच्या भांडणात मूळ बिघाड बाजूला राहिला. तो ना सेबॅस्टियन यांच्या बोटांत होता, ना पॅकेज मॅनेजरच्या डोक्यात. स्टीम हा ३२ बिटचा प्रोग्राम. ६४ बिटच्या यंत्रावर चालायला त्याला ३२ बिटच्या लायब्रऱ्या लागतात. त्यातल्या एका पॅकेजची आवृत्ती त्याच्या ६४ बिट जोडीदाराशी जुळत नव्हती. पॅकेज मॅनेजरनं हिशेब मांडला : स्टीम हवं तर हे ३२ बिट पॅकेज हवं, ते हवं तर त्याचा ६४ बिट जोडीदार जायला हवा आणि तो गेला की त्याच्यावर उभा असलेला डेस्कटॉपही जाणार. हिशेब नियमाला धरून बरोबरच होता. चूक होती ती कोठारात, म्हणजे ज्या रिपॉझिटरीतून ही पॅकेजं येतात तिथे.

ही जोडीदारीची भानगड आली कुठून? इंटेलची ८०३८६ ही चिप १९८५ची. तिथून पीसीवर ३२ बिटचं राज्य सुरू झालं. २००३मध्ये एएमडीनं ‘ऑप्टेरॉन’ आणली. ती ६४ बिटची, पण ३२ बिटचे जुने प्रोग्रामही चालवणारी. ग्राहकाच्या दृष्टीनं हे सोयीचं होतं. लिनक्सची वितरणं बांधणाऱ्यांवर मात्र दुहेरी संसार येऊन पडला, कारण ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटची लायब्ररी वापरू शकत नाही. प्रत्येक लायब्ररी दोनदा बांधायची, दोनदा ठेवायची आणि दोन्ही एकमेकींच्या पायात येणार नाहीत हे पाहायचं.

रेड हॅटच्या घराण्यानं दोघींसाठी दोन वेगळ्या डिरेक्टऱ्या केल्या. डेबियनमध्ये बरीच वर्षं ‘आयए३२-लिब्ज’ नावाचं एक बोचकं होतं. लागतील तेवढ्या ३२ बिट लायब्रऱ्या त्यात कोंबायच्या. एकीत सुरक्षेचा दोष सापडला की सगळं बोचकं पुन्हा बांधायचं. हा प्रकार मे २०१३मध्ये आलेल्या डेबियन ७नं मोडीत काढला. ‘मल्टिआर्च’ या रचनेमुळे कुठल्याही लायब्ररीची दोन आर्किटेक्चरची पॅकेजं एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी बसवता येऊ लागली. आय३८६ नावाचं ३२ बिटचं परकं आर्किटेक्चर आपल्याला चालेल, एवढं एका आज्ञेत सांगायचं आणि हवं ते पॅकेज मागायचं. लिनक्समधल्या देखण्या रचनांत तिची गणना व्हायला हरकत नाही.

मात्र तिची एक अट आहे आणि ती कडक आहे. लायब्ररीची दोन्ही पॅकेजं तंतोतंत एकाच आवृत्तीची हवीत. दोन्हींत काही फाइली सामाईक असतात : बदलांची नोंद, परवान्याचा मजकूर, कधी इतर कागदपत्रं. आवृत्त्या वेगळ्या असतील तर त्या एका जागी कुणाची फाइल ठेवायची? डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारी डीपीकेजी ठेवतच नाही. सामाईक फाइल दुसऱ्या पॅकेजातल्या फाइलीपेक्षा वेगळी आहे, असं सांगून थांबते. फेडोरा-रेड हॅटकडेही ३२ आणि ६४ बिटच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर यम हा तिकडचा पॅकेज मॅनेजर ‘प्रोटेक्टेड मल्टिलिब व्हर्जन्स’ म्हणत अडून बसायचा. ही अट जाचक वाटली तरी योग्य आहे. ती डावलायची कलमं आंतरजालावर हवी तितकी मिळतात. ती वापरणाऱ्याला आजचं अपग्रेड मिळतं आणि पुढचं प्रत्येक अपग्रेड अवघड होऊन बसतं.

अट पाळायची जबाबदारी मात्र वापरणाऱ्याच्या हातात नाहीच. ती पॅकेज बांधणाऱ्यांची आहे आणि तिथे ती चुकायला अनेक वाटा आहेत. बिल्ड सर्व्हरवर ६४ बिटचं काम आधी संपतं, ३२ बिटचं रांगेत राहतं. मधल्या वेळात ज्यानं अपग्रेड केलं त्याच्या पदरी अर्धी जोडी. एखाद्याच आर्किटेक्चरसाठी पॅकेज पुन्हा बांधलं की डेबियनमध्ये आवृत्तीच्या शेपटाला ‘+बी१’ लागतं आणि कोडमध्ये एका अक्षराचा फरक नसताना जोडी फुटते. म्हणून डेबियनवाले अशी पुनर्बांधणी सगळ्या आर्किटेक्चरवर एकदमच करायची काळजी घेतात. बाहेरच्या रिपॉझिटऱ्यांत ती काळजी सगळेच घेतात असं नाही. कुणी ग्राफिक्सचे ताजे ड्रायव्हर देतो, तेही फक्त ६४ बिटसाठी बांधलेले. ते यंत्रावर आले की वितरणाच्या मूळ कोठारातला ३२ बिटचा जुना जोडीदार तिथे राहू शकत नाही आणि त्याच्याबरोबर स्टीमही जातं.

काही चकमकी निव्वळ गजराच्या असतात. गुगलनं ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम देणं २०१६मध्ये थांबवलं, पण यंत्रावर आय३८६ जोडलेलं असेल आणि क्रोमच्या रिपॉझिटरीच्या नोंदीत आर्किटेक्चर लिहिलेलं नसेल, तर अद्ययावत करताना ही रिपॉझिटरी आय३८६ला आधार देत नाही, अशी सूचना येत राहते. नोंदीत कंसात ‘आर्च=एएमडी६४’ एवढं लिहिलं की आवाज बंद. पण नवख्याला कसं कळणार की हा ओरडा निरुपद्रवी आणि मघाचा खरा होता?

मग हे ३२ बिट एकदाचं टाकून का देत नाहीत? उबंटूनं प्रयत्न केला. जून २०१९मध्ये उबंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीनं जाहीर केलं की १९.१०पासून आय३८६ची पॅकेजं बांधणार नाही. स्टीमच्या मागे असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या अभियंत्यानं लगेच सांगितलं की मग स्टीम उबंटूच्या त्या आणि पुढच्या आवृत्त्यांना अधिकृत आधार देणार नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’च्या विकसकांनीही नाराजी कळवली, कारण विंडोजच्या जगात ३२ बिटचे प्रोग्राम ढिगानं आहेत. आठवडाभरात कॅनॉनिकल मागे आली : सगळं नाही, पण निवडक ३२ बिट पॅकेजं बांधत राहू. फेडोरात हाच प्रयोग जून २०२५मध्ये झाला. फेडोरा ४४पासून ३२ बिटच्या लायब्रऱ्याही बंद कराव्यात, असा प्रस्ताव आला. गेमसाठीचं ‘बझाइट’ हे वितरण फेडोरावर उभं आहे. त्याच्या संस्थापकानं असं झालं तर प्रकल्पच बंद करावा लागेल असं म्हटलं. प्रस्ताव काही दिवसांतच मागे घेण्यात आला.

दोन्ही वेळा माघार घेणं समजण्यासारखं होतं. पण माघारीनंतर जे उरलं तिथेच खरी अडचण आहे. ‘निवडक पॅकेजं’ ही तडजोड ऐकायला शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की एक आर्किटेक्चर अर्धं जिवंत आहे आणि कुठलं अर्धं, ते वापरणाऱ्याला ठाऊक नाही. त्याच्या यंत्रावर कधीकाळी बसलेली एखादी ३२ बिट लायब्ररी नव्या यादीत नसेल, तर ती जुन्या आवृत्तीवर अडकते आणि जोडीच्या अटीमुळे ६४ बिटच्या जोडीदारालाही पुढे जाऊ देत नाही. वितरणकर्त्यांनी एक तर ३२ बिटची बाजू ६४ इतक्याच निगुतीनं सांभाळावी; जोडी पूर्ण झाल्याशिवाय कोठाराचं दार उघडू नये. नाही तर तारीख जाहीर करून ती सोडावी. मधली अवस्था सगळ्यांत वाईट, कारण तिची किंमत ज्याला निर्णयात विचारलेलंच नाही तो भरतो.

सांभाळण्याचा खर्च लहान नाही, हेही मान्य करायला हवं. हे काम करणाऱ्यांत स्वयंसेवक पुष्कळ. ३२ बिटचं खरंखुरं यंत्र वापरून दोष कळवणारे कमी होत चाललेत. मोठमोठे प्रोग्राम ३२ बिटच्या यंत्रणेवर बांधायला गेलं तर चार जीबीच्या मर्यादेला डोकं आपटतं. लिनक्स कर्नलनं ३८६ चिपचा आधार २०१२मध्येच काढून टाकला, तरी डेबियनमध्ये त्या आर्किटेक्चरचं नाव आजही आय३८६च.

याच डेबियननं सोडायचं कसं, याचा बरा धडा घालून दिला आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये आय३८६चा कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. ३२ बिटची पॅकेजं उरली ती ६४ बिटच्या यंत्रावर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती, आणि हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्यांची सगळी यंत्रणाच ३२ बिटची, त्यांनी अपग्रेड करूच नये. यंत्र ६४ बिटला लायक असेल तर नव्यानं बसवावं, नसेल तर निवृत्त करावं. कटू आहे, पण गोलमाल नाही. काळाच्या प्रश्नावरही तसंच. ३२ बिटचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ला भरून वाहणार, म्हणून डेबियननं बाकीच्या ३२ बिट आर्किटेक्चरना ६४ बिटची वेळ दिली. त्यासाठी शेकडो लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी६४’ शेपूट लावावं लागलं. आय३८६ला मात्र मुद्दाम वगळलं. ते आता जुन्या प्रोग्रामसाठीच आहे आणि वेळेची रचना बदलली तर तेच प्रोग्राम मोडतील, असा त्यामागचा विचार. निर्णय पटो न पटो, त्याचं कारण वाचायला मिळतं.

आपल्याकडच्या कचेऱ्यांतून हा विषय दूरचा वाटेल, पण नाही. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर भारतातल्या असंख्य झेरॉक्सच्या दुकानांत, सीएंच्या आणि वकिलांच्या ऑफिसांत दिसतो. लिनक्ससाठीचा त्याचा कॅप्ट ड्रायव्हर ६४ बिटच्या यंत्रावर बसवला तरी आतून ३२ बिटच्या लायब्रऱ्या मागतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला अपात्र ठरलेली चांगली चालती यंत्रं भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर लिनक्स टाकावं, असा सल्ला तेव्हापासून सर्रास दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण असा प्रिंटर असलेला माणूस लिनक्सवर आला की पहिल्याच दिवशी त्याला आय३८६ जोडावं लागतं आणि पुढच्या मोठ्या अपग्रेडला तो या जोड्यांच्या खेळात आपसूक सापडतो.

तिथे त्याच्याशी यंत्र बोलतं कसं, हा वेगळाच प्रश्न. जोडी जुळली नाही की ॲप्ट हा डेबियन-उबंटूचा पॅकेज मॅनेजर अनेकदा सांगायचा, अडचण सोडवता येत नाही, ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. बिचाऱ्यानं काहीही धरून ठेवलेलं नसतं! ३२ बिटचं पॅकेज अजून कोठारात पोचलेलं नाही, उद्या पुन्हा पाहा, असं साध्या भाषेत सांगणं इतकं अवघड नसावं. सेबॅस्टियन प्रकरणाचा एक फायदा झाला. त्याच महिन्यात ॲप्टच्या विकसकांनी बदल केला आणि एक पॅकेज बसवण्यासाठी यंत्रणेची अत्यावश्यक पॅकेजं काढण्याचा मार्ग तो आपणहून शोधेनासा झाला. २०२५मध्ये आलेल्या ॲप्ट ३.०मध्ये काय काढलं जाणार ते यादीच्या शेवटी, लाल रंगात दिसतं. इशाऱ्याची भिंत वाचली नाही म्हणून वापरणाऱ्याला हसणाऱ्यांनी हे दोन्ही बदल लक्षात घ्यावेत. ॲप्ट बांधणाऱ्यांनी तरी दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारला नाही.

आणि ३२ बिटच्या लायब्रऱ्यांची गरजच कमी करायचा मार्गही निघाला आहे. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या वाइन ९.०नं नवी ‘वाव६४’ पद्धत आणली. विंडोजचा ३२ बिट प्रोग्राम तीत चालतो, पण लिनक्सकडच्या ३२ बिट लायब्रऱ्या त्याला लागत नाहीत. आर्च लिनक्सनं जून २०२५मध्ये आपलं वाइनचं पॅकेज या पद्धतीवर नेलं. जुनी ३२ बिटची वाइन-घरटी (प्रीफिक्स) पुन्हा बांधावी लागतील, ओपनजीएल वापरणारे ३२ बिट प्रोग्राम हळू चालू शकतील, हे दोन्ही तोटे त्यांनी घोषणेतच लिहून टाकले. नुसतं वाइन वापरणाऱ्याला आर्चची ३२ बिटची ‘मल्टिलिब’ रिपॉझिटरी आता जोडून ठेवायची गरज नाही. स्टीम बसवायचं असेल तर मात्र तिच्याकडेच जावं लागतं.