अशोक सराफ : मराठीत नायक, मग हिंदीत मुनीम आणि हवालदारच का?

चिखलवाडीत वाढलेल्या अशोक सराफ यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 'पांडू हवालदार'पासून (१९७५) मराठीत त्यांच्या नावावर तिकिटं खपली. हिंदीत मात्र 'करण अर्जुन'मध्ये (१९९५) मुनीम, 'सिंघम'मध्ये (२०११) हवालदार अशाच भूमिका वाट्याला आल्या.

कारण काय? अभिनय कमी पडला असं नाही. परळचा राजकमल स्टुडिओ शहरातच होता. पण हिंदी सिनेमा देशभर विकला जातो तो नायकाच्या नावावर. सराफांचं नाव चालायचं महाराष्ट्रात.

टीव्हीवर हे गणित बदललं. 'हम पांच'मध्ये गोष्टच घराची होती, तिथे वडील म्हणून ते मध्यभागी आले. म्हणूनच त्यांची कारकीर्द हिंदीतल्या भूमिकांच्या लांबीवरून मोजणं चुकीचं ठरतं.