चित्राला नाव हवे

संगणकाच्या किल्ल्या आता चित्रांवरूनही ओळखता येतात. ही सोय चांगली आहे, पण ती अर्धीच आहे असे माझे मत आहे.

गुप्त संभाषणासाठी दोन्ही बाजूंकडे किल्ल्या लागतात. पण पलीकडची किल्ली आपल्याच माणसाची की मध्ये घुसलेल्या भामट्याची? त्यासाठी व्हॉट्सअॅप ६० आकडे दाखवते, सोबत क्यूआर कोड. समोरासमोर असाल तर कोड टिपता येतो. पण मुलगा परदेशात आणि आई गावात असेल, तर साठ आकडे कोण वाचून दाखवणार? मी सरकारी कारकून, आकडे ताडण्यावरच पोट भरतो. तरीही चौथ्या गटानंतर नजर घसरते.

यावर पेरिग आणि साँग या संशोधकांनी १९९९ मध्ये किल्लीतून चित्र काढण्याची कल्पना मांडली. त्याच विचाराने २००८ मध्ये ओपनएसएसएच या प्रणालीत चौकट आली, १७ घरे रुंद आणि ९ घरे उंच. बुद्धिबळातला उंट मधोमध उभा राहतो आणि किल्लीच्या ठशाप्रमाणे झिंगल्यासारखा तिरपा चालतो. त्याच्या पावलांची नक्षी उमटते. किल्ली बदलली की नक्षीही बदलते.

पण ही नक्षी फोनवर सांगणार कशी?

भोपाळला गेलो असता भीमबेटका पाहिले, तिथे हा प्रश्न मला नीट कळला. शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे हे शैलाश्रय विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणले. एका खडकावर प्राणीच प्राणी. हत्ती, हरणे, आपल्याकडचा गवा. अक्षरशत्रू माणूसही ते ओळखेल, आणि घरी येऊन नावानिशी सांगेल. नुसती वेलबुट्टी असती तर आपण ‘सुंदर!’ म्हणून पुढे गेलो असतो.

टेलिग्रामने हे ओळखले. २०१७ पासून तिथे कॉल सुरू असताना दोघांनाही चार चित्रे दिसतात, ३३३ चित्रांतून निवडलेली. त्यांच्या सुमारे १,२३० कोटी जुळण्या होतात. आईने चार नावे उच्चारायची, मुलाने ती आपल्या पडद्यावर पडताळायची. झाले!

अट एकच. चित्र दिसले म्हणजे खात्री झाली, असे नव्हे. कागदावर शिक्का आहे एवढेच पाहून तो कोणाचा हे न वाचणारे कारकून मी पुष्कळ पाहिले आहेत. ताडायचे ते दोघांनी, आणि मोठ्याने बोलून.

मग आपल्या भाषांसाठी आपलीच चित्रे का नसावीत? पणती, तुळस, नारळ, गवा. एकाला गाय आणि दुसऱ्याला म्हैस वाटेल असे मात्र एकही नको.